चेरोकी भाषेचे तरुण दूत

चेरोकी ही इरोक्वॉय भाषाकुळाच्या दक्षिण शाखेतली एकुलती एक भाषा. मोहॉक, सेनेका, ओनायडा या तिच्या नातलग भाषा न्यूयॉर्क आणि कॅनडाच्या बाजूला बोलल्या जात. चेरोकी मात्र ॲपलाचियन डोंगररांगांच्या दक्षिण टोकाला वाढली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या चेरोकी जमाती तीन आहेत. ओक्लाहोमा राज्यातल्या टॅलेक्वा गावी चेरोकी नेशन आणि युनायटेड कीटूवा बँड या दोन जमातींची मुख्यालये आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या क्वाला बाउंडरी या जमातीच्या स्वतःच्या जमिनीवर ईस्टर्न बँड राहतो. २०२० च्या जनगणनेत पंधरा लाखांहून अधिक अमेरिकनांनी आपला वंश संपूर्ण किंवा अंशतः चेरोकी असल्याचे नोंदवले. एकट्या चेरोकी नेशनचे सभासद साडेचार लाखांच्या वर आहेत. लहानपणी घरातच ही भाषा शिकलेली माणसे मात्र २०१९ च्या सुमारास जवळपास दोन हजार उरली होती आणि त्यांतली पूर्वेकडची तर जेमतेम दोनशेच्या घरात. जून २०१९ मध्ये तिन्ही जमातींच्या संयुक्त परिषदेने भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली, ती याच आकड्यांमुळे.

ही तफावत कमी करण्याचे काम गेल्या पंचवीस वर्षांत बरेचसे मुलांवर आणि तरुणांवर सोपवले गेले. त्यांना सरसकट ‘दूत’ म्हटले जाते. कोणी वर्षभरासाठी निवडलेली मिस चेरोकी असते, कोणी गायकवृंदात गाते, कोणी पूर्वजांच्या वाटेवर सायकल चालवते, कोणी आठवड्याचे चाळीस तास म्हाताऱ्या भाषकांसमोर बसून शिकते. ही सगळी कामे एकाच मापाने मोजणे ही या विषयावरच्या लेखनातली नेहमीची गल्लत आहे. भाषेला प्रतिष्ठा मिळवून देणे वेगळे आणि भाषा बोलणारा नवा माणूस तयार करणे वेगळे. पहिले काम वर्षभराच्या पदातून होऊ शकते. दुसऱ्याला हजारो तास लागतात आणि त्या तासांचे पैसे कोणीतरी मोजावे लागतात.

चेरोकी भाषेची पडझड निरक्षरतेमुळे झाली नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. सेक्वोया या चांदीकाम करणाऱ्या कारागिराला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. त्याने बरीच वर्षे खपून १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी पुरी केली. तिच्यात दर चिन्हाला एक अक्षर आहे. मुळात ८६ चिन्हे होती, आता ८५ वापरात आहेत. लिपीची पहिली विद्यार्थिनी त्याची लहान मुलगी आयोका होती, असे परंपरा सांगते. खरोखरच ही लिपी बोलीभाषकाला काही आठवड्यांत येई. १८२५ मध्ये चेरोकी नेशनने ती अधिकृत केली आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातल्या न्यू इकोटा या राजधानीतून ‘चेरोकी फीनिक्स’ हे द्विभाषी वृत्तपत्र निघाले. इलायस बूडिनॉट त्याचे संपादक होते. मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे तर बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, तेही द्विभाषी, यानंतर जवळजवळ चार वर्षांनी निघाले. दोन्हींमध्ये एक दूरचा धागाही आहे. फीनिक्सचे खिळे बॉस्टनमध्ये ओतून आणायला मदत करणारे मिशनरी सॅम्युअल वूस्टर ज्या अमेरिकन बोर्डाचे होते, त्याच बोर्डाचे मिशन १८१३ पासून मुंबईत होते आणि त्याच्याच अहमदनगरच्या शाखेतून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले.

पुढचा इतिहास ज्ञात आहे. १८३० चा इंडियन रिमूव्हल ॲक्ट आणि जमातीच्या बहुसंख्य लोकांना अमान्य असलेला १८३५ चा न्यू इकोटा करार यांच्या आधारे १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना सैन्याच्या बंदोबस्तात आजच्या ओक्लाहोमात हाकलले गेले. छावण्यांमध्ये आणि वाटेत सुमारे चार हजार माणसे दगावली, असा रूढ अंदाज आहे. ‘अश्रूंची वाट’ म्हणतात ती हीच. डोंगरांत लपून राहिलेल्यांचे आणि वेगळ्या करारांनी मागे थांबलेल्यांचे वंशज म्हणजे आजचा ईस्टर्न बँड.

विस्थापनानंतरही भाषा तगली, ही गोष्ट लेखांमधून बहुधा निसटते. टॅलेक्वात नवी राज्यघटना आली, शाळा आल्या. ‘चेरोकी ॲडव्होकेट’ हे वृत्तपत्र १८४४ मध्ये सुरू होऊन मध्ये खंड पडत का होईना १९०६ पर्यंत निघत राहिले. बायबलचा नवा करार १८६० पर्यंत चेरोकीत पूर्ण छापून झाला. खरा घाव पुढे बसला. १८९८ च्या कर्टिस कायद्याने जमातीची न्यायालये मोडली आणि सामाईक जमिनीचे तुकडे करून वाटण्याची वाट मोकळी केली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले आणि चेरोकी शाळा जमातीच्या हातून गेल्या. सरकारी निवासी शाळांत मुलांना चेरोकी बोलल्याबद्दल शिक्षा होई. ती मुले मोठी झाल्यावर त्यांनी आपल्या लेकरांशी मुद्दाम इंग्रजीच बोलायचे ठरवले. सगळा दोष बाहेरच्यांचाच होता, असेही नाही. १८५१ मध्ये चेरोकी नेशनने स्वतः उघडलेल्या मुलींच्या सेमिनरीत अभ्यासक्रम न्यू इंग्लंडच्या धर्तीचा होता आणि त्यात चेरोकीला जागा नव्हती. सुखवस्तू, मिश्रवंशीय घरांनी इंग्रजी आपणहून जवळ केली. चेरोकी टिकली ती पूर्व ओक्लाहोमातल्या टेकड्यांमधल्या गरीब वस्त्यांत, तिथल्या बॅप्टिस्ट चर्चमधल्या स्तोत्रांत आणि स्टॉम्प नाचाच्या मैदानांवर. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चित्र स्पष्ट झाले. चाळिशीच्या आतला अस्खलित भाषक सापडत नाही, असे नेशनच्या पाहणीत दिसून आले.

तरुणांना नेमके काय शिकायचे आहे, हे समजल्याशिवाय त्यांच्या यशापयशाची चर्चा पोकळ ठरते. चेरोकी हे क्रियापदांचे घर आहे. कर्ता, कर्म, काळ, क्रियेची रीत, इतकेच काय पण बोलणाऱ्याला ती गोष्ट कशी कळली हेसुद्धा एकाच क्रियापदात सामावते. स्वतः पाहिलेल्या भूतकाळाचा प्रत्यय वेगळा, ऐकीव भूतकाळाचा वेगळा. एखादी वस्तू ‘दे’ म्हणायचे तर ती सजीव आहे, लवचीक आहे, लांब आणि ताठ आहे, द्रवरूप आहे की घट्ट गोळ्यासारखी, यानुसार क्रियापद बदलते. मराठीच्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’सारखा भेद तिच्यातही आहे, पण तो आणखी पुढे जातो. ‘तू आणि मी’, ‘तो आणि मी’, ‘तुम्ही सगळे आणि मी’, ‘ते सगळे आणि मी’ या चार अर्थांसाठी चार निरनिराळी रूपे लागतात. त्यात भर म्हणून सुराच्या चढउताराने अर्थ बदलतो. स्वतःची ओळख करून देणारी चार वाक्ये मूल आठवड्यात पाठ करील. पण त्याला ‘कालच्या पावसात आजोबांची छत्री कोणी नेली म्हणे’ एवढे बोलता यायला काही वर्षे लागतात.

पदांची परंपरा या चार वाक्यांपासून सुरू होते. चेरोकी नेशनच्या तीन स्पर्धा आहेत. लिटल चेरोकी ॲम्बॅसिडरसाठी चार ते बारा वर्षांची मुले तीन वयोगटांत उतरतात आणि प्रत्येक गटातून एक मुलगा व एक मुलगी निवडली जाते. ज्युनियर मिस चेरोकी ही किशोरींची स्पर्धा आहे, तर मिस चेरोकी साधारण सतरा ते बावीस वर्षांच्या तरुणींची. एरवीच्या सौंदर्यस्पर्धांशी यांचे साम्य किरीट आणि पट्ट्यापुरतेच. गुण मिळतात ते चेरोकी भाषेला, जमातीच्या इतिहासाच्या व राज्यकारभाराच्या ज्ञानाला आणि एखाद्या सांस्कृतिक सादरीकरणाला. कोणी दुहेरी विणीची टोपली करून दाखवते, कोणी स्टिकबॉलचा खेळ समजावून सांगते, कोणी कथा सांगते. मुली टिअर ड्रेस घालतात. कात्रीने न कापता हाताने फाडलेल्या कापडाच्या सरळ पट्ट्यांपासून तो शिवलेला असतो. स्पर्धा ‘चेरोकी नॅशनल हॉलिडे’च्या सुमारास होतात. ६ सप्टेंबर १८३९ रोजी नव्या भूमीत राज्यघटनेवर सह्या झाल्या, त्याची ही आठवण. १९५३ पासून दर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेरीस हा उत्सव भरतो. ईस्टर्न बँडमध्येही वयानुसार अशी चार पदे आहेत आणि त्यांची निवड ऑक्टोबरच्या जत्रेत होते.

या पदांवर टीका होते. पाठांतर ही भाषा नव्हे आणि पट्टा उतरला की शिकणेही थांबते, असा तिचा मथितार्थ. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु जिथे आजीला शाळेत तोंड उघडल्याबद्दल मार बसला, तिथे नातीने गर्दीसमोर त्याच भाषेत नाव सांगणे आणि त्याबद्दल टाळ्या घेणे याची किंमत व्याकरणाच्या कसोटीवर ठरत नाही. लाज घालवणे हे पदाचे काम आहे आणि ते त्याने चोख केले आहे.

गायकवृंदाचे कामही याच जातीचे. २००० मध्ये चेरोकी नेशनने चेरोकी नॅशनल यूथ क्वायर उभा केला. पूर्व ओक्लाहोमातल्या शाळांमधून चाचणी घेऊन निवडलेली मुले चेरोकीतली स्तोत्रे व पारंपरिक गाणी गातात. ध्वनिमुद्रिका निघाल्या, नेटिव्ह अमेरिकन म्युझिक अवॉर्ड मिळाले. पण या वृंदाचे यश पुरस्कारात नाही. विस्थापनाच्या वाटेवर गायली गेल्याचे सांगितले जाते ती स्तोत्रे चर्चमधल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिली होती. ती मुलांच्या तोंडी आली, तीही योग्य सुरांसह. सूर चुकला की अर्थ चुकतो, अशा भाषेत गाणे ही उच्चारांची उत्तम तालीम ठरते. नॉर्मन इथल्या सॅम नोबल म्यूझियममध्ये २००३ मध्ये सुरू झालेला, वसंतात भरणारा आदिवासी भाषांचा युवक मेळावा मुलांना आणखी एक व्यासपीठ देतो. इथे चेरोकी मुले एकटी नसतात. ओक्लाहोमातल्या अनेक जमातींची मुले आपापल्या भाषांत गातात, कथा सांगतात, नाटुकली करतात आणि आपलीच भाषा तेवढी अडचणीत आहे हा समज गळून पडतो.

‘रिमेंबर द रिमूव्हल’ ही सायकलफेरी भाषेपेक्षा इतिहासाशी अधिक बांधलेली आहे. पहिली फेरी १९८४ मध्ये झाली. २००९ पासून ती दरवर्षी निघते आणि २०११ पासून ईस्टर्न बँडचे तरुणही तिच्यात असतात. न्यू इकोटा ते टॅलेक्वा हे सुमारे ९५० मैलांचे अंतर सात राज्यांतून तीन आठवड्यांत कापायचे. त्याआधी काही महिने सराव आणि इतिहास व भाषेचे वर्ग होतात. जमातीचे वंशावळतज्ज्ञ प्रत्येकाची वंशावळ काढून देतात, त्यामुळे कोणाचा कोणता पूर्वज कुठल्या तुकडीत चालला हे फेरीपूर्वीच कळते. टेनेसीतल्या ब्लाइथ फेरीच्या स्मारकावर १८३५ च्या गणनेतल्या कुटुंबप्रमुखांची नावे कोरली आहेत. तिथे हे तरुण आपल्या घराण्याचे नाव शोधतात. केंटकीतल्या मँटल रॉक या खडकाच्या आडोशाला विस्थापितांनी ओहायो नदीवरचा बर्फ वितळण्याची वाट पाहिली होती, तिथेही फेरी थांबते. अशा फेरीतून भाषक तयार होत नाहीत. आपण भाषा का शिकायची, या प्रश्नाचे उत्तर मात्र अनेकांना सायकलवर मिळते आणि त्यांतले काही पुढे भाषेच्या वर्गात दिसतात.

भाषक घडवण्याचा मुख्य प्रयत्न शाळेत झाला. न्यूझीलंडमधल्या माओरींनी १९८२ मध्ये आणि त्यानंतर लगेच हवाईच्या लोकांनी बालवाड्या सुरू केल्या, ज्यांत मुलांशी फक्त पूर्वजांची भाषा बोलायची. त्याच धर्तीवर चेरोकी नेशनने २००१ मध्ये टॅलेक्वात इमर्शन शाळा उघडली. गणित, विज्ञान, खेळ, जेवण, सगळे चेरोकीत. ईस्टर्न बँडने काही वर्षांनी न्यू कीटूवा अकॅडमी काढली. पाठ्यपुस्तके नव्हती, ती शिक्षकांनी रात्री जागून भाषांतरित केली. ईस्टर्न बँडच्या मर्टल ड्रायव्हर यांनी ‘शार्लट्स वेब’ ही बालकादंबरी या मुलांसाठी चेरोकीत आणली. ‘बॅटरी’, ‘प्रकाशसंश्लेषण’ असल्या गोष्टींना शब्द हवेत म्हणून तिन्ही जमातींच्या भाषकांची समिती नियमित भेटून नवे शब्द घडवते. पूर्व आणि पश्चिमेच्या बोलींत फरक असला तरी या बैठकांत तो आड येत नाही.

या शाळांची अडचण उघड आहे. मूल दिवसभर चेरोकीत असते, पण घरी आईबाप इंग्रजी बोलतात, टीव्ही इंग्रजी बोलतो. वरच्या वर्गात गेल्यावर पुन्हा इंग्रजी शाळाच समोर असते. इमर्शनमधून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीतल्या बऱ्याच मुलांना समजते सगळे, पण ती सहज बोलत नाहीत. दुसरी अडचण शिक्षकांची. अस्खलित बोलणारे साठीच्या पुढचे, आणि शिकवण्याची पदवी असलेल्यांना भाषा येत नाही. टॅलेक्वाच्या नॉर्थईस्टर्न स्टेट युनिव्हर्सिटीने चेरोकी भाषाशिक्षणाची पदवी सुरू केली ती ही खिंड लढवण्यासाठी. मुलांपासून सुरुवात केली हे चुकले असे नव्हे. पण मुलांशी घरी कोण बोलणार, याचा विचार उशिरा झाला.

तो विचार मास्टर-अप्रेंटिस कार्यक्रमातून आला. गेल्या दशकात सुरू झालेल्या या कार्यक्रमात प्रौढ शिकाऊंना दोन वर्षे, आठवड्याला चाळीस तास, मानधन देऊन भाषेत बसवले जाते. हिशेब केला तर हे सुमारे चार हजार तास होतात. समोर शिक्षक म्हणून जन्मभाषक म्हातारी माणसे असतात. गप्पा, स्वयंपाक, पत्ते, बागकाम आणि व्याकरणाची घोकंपट्टी असे सगळे चालते. इथून बाहेर पडलेले अनेक जण इमर्शन शाळांत शिक्षक झाले, काही भाषांतरकार झाले. काहींनी आपल्या तान्ह्या मुलांशी चेरोकीतच बोलायला सुरुवात केली आणि या सगळ्या खटाटोपातली सर्वांत महत्त्वाची घटना तीच. भाषेसाठी पगार देण्याची कल्पना सुरुवातीला अनेकांना विचित्र वाटली होती. परंतु ज्या भाषेने पोट भरत नाही म्हणून पालकांनी ती सोडली, तिच्यासाठी पगार हा सगळ्यात नेमका उपाय ठरला.

तंत्रज्ञानात चेरोकीची स्थिती आश्चर्य वाटावे इतकी चांगली आहे. लिपी १९९९ मध्ये युनिकोडमध्ये आली. २०१० मध्ये आयफोनवर चेरोकी कळफलक आला, मग गुगल सर्च, जीमेल आणि विंडोज ८ आले. यामागे चेरोकी नेशनच्या भाषा विभागाचा पाठपुरावा होता. इमर्शनची मुले फोनवर इंग्रजीत लिहितात कारण दुसरा पर्यायच नाही, हे त्याचे साधे कारण होते. २०२२ मध्ये विल्मा मॅनकिलर यांच्या चित्राचे अमेरिकन क्वार्टर नाणे निघाले. १९८५ ते १९९५ या काळात त्या नेशनच्या प्रमुख होत्या आणि या पदावरच्या पहिल्या महिला. नाण्यावर चेरोकी नेशनचे नाव सेक्वोयाच्या लिपीत आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाची बार्बी बाहुली आली, तेव्हा खोक्यावर ‘चेरोकी’ऐवजी ‘कोंबडी’ असा अर्थ होणारी अक्षरे छापली गेली होती. फाँट उपलब्ध असणे आणि वाचता येणारा माणूस उपलब्ध असणे यांतले अंतर यापेक्षा नेमके कोणी दाखवू शकले नसते.

करोनाच्या साथीने या कामाची निकड वाढवली. गेलेल्यांत बरेच अस्खलित भाषक होते. लस आली तेव्हा चेरोकी नेशनने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने भाषकांना पहिल्या रांगेत बसवले. ऑगस्ट २०२० मध्ये डर्बिन फीलिंग गेले. व्हिएतनाम युद्धात लढलेले हे भाषाशास्त्रज्ञ १९७५ च्या चेरोकी-इंग्रजी कोशाचे कर्ते, आणि सेक्वोयानंतर या भाषेसाठी सर्वांत मोठे काम करणारे म्हणून ओळखले जात. २०१९ मध्ये प्रमुख चक हॉस्किन ज्युनियर यांनी सही केलेल्या भाषासंवर्धनाच्या कायद्याला त्यांचेच नाव होते. त्यातून १.६ कोटी डॉलर उभे राहिले, त्यांतला मोठा वाटा जमातीच्या स्वतःच्या उद्योगांच्या नफ्याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये टॅलेक्वात डर्बिन फीलिंग लँग्वेज सेंटर उघडले, तेही पूर्वीच्या कॅसिनोच्या इमारतीत. इमर्शन शाळा, शिकाऊ कार्यक्रम आणि भाषांतर विभाग आता एका छताखाली आहेत. जवळच अस्खलित भाषकांसाठी घरे बांधली, म्हणजे म्हातारी माणसे आणि शिकणारी मुले रोज एकमेकांच्या नजरेसमोर राहतील. पुढे एडेअर काउंटीतल्या ग्रीसी या वस्तीत इमर्शनची दुसरी शाळा निघाली. अजूनही चेरोकी बोलली जाते अशा भागातच ती आहे, हे शहाणपणाचे झाले.

तरुण दूतांचा प्रश्न अखेर पैशाच्या आणि वेळेच्या प्रश्नापाशी येतो. किरीट, गाणी आणि सायकली यांनी हौस निर्माण केली, पण भाषक घडले ते जिथे चार हजार तासांचा खर्च उचलला गेला तिथेच. म्हणून दूतपद आणि शिकाऊपद यांच्यात थेट साखळी हवी. मिस चेरोकीचे वर्ष संपले की तिच्यासाठी मास्टर-अप्रेंटिस वर्गात जागा राखून ठेवावी, गायकवृंदातल्या मुलांना उन्हाळ्यात जन्मभाषकांच्या घरी राहता यावे, एवढी ती साधी असली तरी चालेल. पैशाची बाजू तूर्त भक्कम आहे. २०२४ मध्ये डर्बिन फीलिंग कायद्याची मुदत काढून तो कायमचा केला गेला आणि चेरोकी नेशनने भाषेवर दरवर्षी किमान १.८ कोटी डॉलर खर्च करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले.